लिफ्टवाल्या साईनाथचे पेढे

माझा भाऊ साईनाथ गप्प बसला, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. अहो, स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेल्यांना हा म्हणाला होता, "जरा खाली घ्या, मुलगी तीच आहे ना बघू दे." भटजी मंगलाष्टकं विसरले. असा माणूस गप्प बसेल? पण बसला. आणि त्यानंतर जे झालं त्याने मी जी हादरलेय ती अजून नीट सावरलेली नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नका.

साईनाथ माझ्या पाठचा. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, वाढलो मात्र डोंबिवलीत. मी ठाण्याला सरकारी कचेरीत आहे आणि ठाकुर्लीला सातव्या मजल्यावर एकटी राहते. तो, त्याची बायको रुचिता आणि मुलगी प्राप्ती अजून डोंबिवलीतच आहेत. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. इकडे टॉवरवर टॉवर उठले तसा याचा फोन थांबेना. लिफ्ट अडकली की सोसायटीवाले कंपनीला नंतर कळवतात, आधी साईनाथला.

त्याला बोलावतात ते नुसतं पान्ह्यासाठी नव्हे. बंद दाराला तोंड लावून हा आतल्या माणसाशी बोलत राहायचा. "घाबरायचं नाही, मी आलोय. नाव काय तुमचं? बरं, आज घरी भाजी कुठली?" आमच्याच बिल्डिंगमधली एक बाई अडकली होती. ती अजून सांगते, "मी आत रडतेय आणि हा मेला मला भाजी विचारतो! मी म्हटलं, पडवळ. तर म्हणतो कसा, मग घाई कशाला बाहेर यायची?" बाई रडता रडता हसायला लागली. तोवर याने दार उघडलंसुद्धा.

तर असा माणूस. आणि तो गेल्या वर्षापासून माझ्याकडे यायचा तो जिन्याने! सातव्या मजल्यावर! दारात येऊन धापा टाकत उभा राहायचा आणि वर म्हणायचा, "पोट सुटलंय ताई, कमी करतोय." मी काय त्याला सोडते? "अरे, लिफ्टवाल्याचाच लिफ्टवर विश्वास नाही, आता आम्ही कुणाकडे बघायचं?" तोही हसायचा, मीही हसायचे. पाणी द्यायचे आणि विषय संपायचा.

गेल्या वर्षी त्याचा जोडीदार काळुराम गेला होता. दोघं कित्येक वर्षं एकत्र काम करायचे. कल्याणात एका इमारतीत लिफ्टखाली उतरून काम करताना काळुराम तिच्याखालीच सापडला. साईनाथ तिथेच होता. पण काय सांगू, हॉस्पिटल, पोलीस, स्मशान, सगळं यानेच पाहिलं. तेराव्याला काळुरामची आई जेवेना, तर तिला काहीतरी चावट बोलून याने हसवलं आणि दोन घास भरवले. आम्ही सगळे म्हणालो, केवढं काळीज याचं! खरंच म्हणालो हो तसं.

आता प्राप्तीचं ऐका. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. समुपदेशन होतं अशा एखाद्या ठिकाणी इंटर्नशिप केल्याशिवाय हे वर्ष पुरं होणार नाही, असा कॉलेजचा नियम. मुलींनी आपापली जागा शोधायची. कॉलेज फक्त पत्र देणार. साईनाथ म्हणाला, "ताई, तुझ्या ठाण्यात ओळखी आहेत, तूच बघ." बघते म्हटलं. मला वाटलं, पोरगी फुकट काम करायला तयार आहे, लोक पायघड्या घालतील.

कसल्या पायघड्या! ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तर म्हणाले एम.ए. करून या. कल्याणात एका गाळ्यावर 'समुपदेशन' अशी ठळक पाटी. आत शिरलो तर गृहस्थ पत्रिका मांडून बसलेले. प्राप्तीला म्हणाले, "तू कुंडल्या कॉम्प्युटरवर चढव, सर्टिफिकेट देतो." मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तिसरीकडे करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली स्टेशनबाहेर पत्रकं वाटायला उभी करणार होते. मी तिथेच त्यांना चार शब्द सुनावले. प्राप्ती म्हणते, "आत्या, तू भांडू नको ना, सगळे दरवाजे बंद होतील." मुदत जवळ यायला लागली. पोरीचं जेवण कमी झालं, आणि माझी चिडचिड वाढली.

मग कल्याणात एका ट्रस्टचं केंद्र सापडलं. नाव 'मोकळीक'. पश्चिमेला दुकानांच्या रांगेवर पहिल्या मजल्यावर दोन-तीन खोल्या. तिथल्या मुख्य अमृता मॅडम, साध्या कॉटनच्या साडीतल्या, आवाज एकदम शांत. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि प्राप्तीशी किती तरी वेळ बोलल्या. बाहेर आल्या त्या हसतच. "मुलगी ऐकून घेते हो छान. सोमवारपासून येऊ दे. आमचं केंद्र लहान आहे, म्हणजे नोंदणीच्या टेबलापासून, येणाऱ्या माणसांबद्दलच्या आमच्या चर्चेपर्यंत सगळीकडे बसावं लागेल." प्राप्तीने जिन्यातच मला मिठी मारली. मला तर रडूच आलं, मेलं.

पण एक सांगते. आमच्याकडे पद्धत आहे. काम पक्कं होईपर्यंत नाव फोडायचं नाही. लग्न असो, नोकरी असो, घर असो, कागद हातात आल्याशिवाय कुठे, कुणाकडे ते बोलायचं नाही, दृष्ट लागते. आई पाळायची, मीही पाळते. प्राप्तीला मी शपथ घातली की सोमवारी जाऊन बसेपर्यंत केंद्राचं नाव घरातसुद्धा काढायचं नाही. तिने वडिलांना एवढंच सांगितलं, "पप्पा, मला एका समुपदेशन केंद्रात घेतलं! कुठे ते आत्ता नाही सांगत, आत्याची शपथ आहे."

"नाव हवंय कुणाला?" साईनाथ म्हणाला, "माझी पोरगी लागली!" आणि चपला घालून पेढे आणायला गेला. नाव फोडायचं नाही हे आमचं, आणि बातमी कळल्या कळल्या पेढे वाटायचे हेही आमचंच. बिल्डिंगमध्ये वाटले, रिक्षा स्टँडवर वाटले, तो जिथे जिथे काम करतो तिथल्या वॉचमनना वाटले. अजून एका ठिकाणी दिले, ते मला मागाहून कळलं.

शनिवारी प्राप्तीला फोन आला. केंद्राला तिला घेता येणार नाही. कारण सांगता येत नाही. क्षमस्व.

मी तशीच डोंबिवलीला धावले. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "आत्या, त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार. नाहीतर आधी हो म्हणून मग कोण नाही म्हणतं? आणि त्यांना तर माणसं कळतात." मी म्हटलं, "अगं, काहीतरी काय बोलतेस!" तर म्हणे, "मॅडम म्हणत होत्या दुसरीकडे बोलते ठाण्याला. मी सांगितलं नको. माझ्यातच खोट असेल तर तिथे तरी कशाला जाऊ? मी ही लाइनच सोडते." पुस्तकं तिने पिशवीत भरूनसुद्धा ठेवली होती. वर्ष गेलं तर जाऊ दे, म्हणाली. तीन वर्षं जी पोरगी घरात उठता-बसता आम्हाला मानसशास्त्र शिकवत होती, ती असं बोलते?

तेवढ्यात साईनाथ कामावरून आला. रुचिताने चहा हातात देत झालेलं सांगितलं. हा नेहमीसारखाच उसळला. "कोण नाही म्हणतंय माझ्या पोरीला? नाव सांग, त्यांची लिफ्टच बंद पाडतो!"

"तिथे लिफ्ट नाहीये पप्पा," प्राप्ती म्हणाली. "कल्याणचं मोकळीक."

कप अर्ध्यावर राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचं तोंड उघडं होतं, पुढचा विनोद अगदी ओठावर आलेला असावा, आणि तो आलाच नाही. त्याने कप खाली ठेवला, "बरं" म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी हाक मारली तरी वळला नाही. रुचिता म्हणाली, "राग आला असेल." मलाही तसंच वाटलं.

सोमवारी मी रजा टाकली. म्हटलं, आता तिथे जाऊनच जाब विचारते. प्राप्तीला माझ्या घरी ठाकुर्लीला आणून बसवलं, म्हणजे आईच्या प्रश्नांपासून तरी सुटेल. साईनाथला फोन केला, "तू चल, बोलण्यात तू वस्ताद." तर म्हणे, "मला काम आहे." काम! मी फोनवरच फाडकन बोलले. "जगातल्या अडकलेल्या माणसांसाठी धावतोस, आणि स्वतःची पोरगी अडकली तर तुला काम आहे? लाज वाटत नाही?" त्याने फोन ठेवला. माझा फोन ठेवला त्याने! आयुष्यात पहिल्यांदा.

रागारागात कल्याण गाठलं. केंद्रात दोघीजणी खुर्च्यांवर थांबल्या होत्या. टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम आत आहेत, कुणीतरी बसलंय, थांबता का?" मी कसली थांबते! उभ्या उभ्या सुरू केलं. "एका पोरीला हो म्हणता, मग नाही म्हणता, कारण विचारलं तर तोंडाला कुलूप! मन सांभाळायचं दुकान उघडलंय ना तुम्ही? मग त्या पोरीच्या मनाचं काय?" त्या दोघी बिचाऱ्या खाली मान घालून बसल्या. टेबलावरची मुलगी "ताई, हळू, प्लीज" म्हणत उठली.

आतल्या खोलीचं दार नीट लागत नसावं. मी श्वास घ्यायला थांबले आणि आतून आवाज आला.

"मॅडम, माझं नाव काढून टाका. मी उद्यापासून येत नाही. पण पोरीला घ्या. मला काय धाड भरलीये, मी ठीकच आहे."

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. तरी माझं डोकं मानायला तयार नाही. वाटलं, आपल्याला भास झाला. कुणाला काही न विचारता मी दार ढकललं.

साईनाथ. मांडीवर हत्यारांची पिशवी घट्ट धरून, शाळेत बाकावर बसायचा तसा बसलेला. डोळे लाल. मला बघून नुसतं "ताई" म्हणाला. अमृता मॅडम झटकन उठल्या, "तुम्ही बाहेर थांबा, असं आत येता येत नाही." त्यांचा शांत आवाज पहिल्यांदा कडक झाला होता. साईनाथच म्हणाला, "असू दे मॅडम. बहीण आहे माझी. आता लपवायचं काय राहिलंय?"

मी तिथल्या खुर्चीवर मटकन बसले. माझा भाऊ? इथे? लोकांना हसवणारा? मला एकच वाक्य सुचलं आणि तेही मूर्खासारखं, "तू इथे लिफ्टसाठी आलायस का रे?"

"इथे लिफ्ट नाहीये ताई," तो म्हणाला. "म्हणून तर इथे येतो."

मग त्याने सांगितलं. काळुराम गेला त्या दिवसापासून त्याने लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नव्हता. गच्चीवरच्या मोटार रूमची कामं तेवढी स्वतः करायचा, तीही जिने चढून, आणि बाकीची दुसऱ्यांना देऊन टाकायचा. दार सरकल्याचा आवाज आला तरी अंगाला घाम. "काळ्या खाली अडकलेला, ताई. फायर ब्रिगेड येईपर्यंत मी वरून त्याच्याशी बोलत होतो. दुसरं काय येतं मला? म्हटलं, घाबरायचं नाही, मी आलोय. नाव विचारलं. तो म्हणाला, मस्करी करतोस का रे? म्हटलं, सांग की. भाजी विचारली. तो बोलत होता, बोलत होता. मग बोलायचा थांबला. मी विचारतच राहिलो." तेव्हापासून त्याने कुणालाच भाजी विचारली नव्हती. आणि आम्हा एकालाही ते कळलं नव्हतं.

"पेढे मीच आणले ना इथे," तो म्हणाला. "मॅडमना म्हटलं, माझी मुलगी तुमच्याच क्षेत्रात आली. मोबाईलमध्ये फोटो दाखवला. मॅडमनी बघितला आणि पेढा अर्धाच खाल्ला. मला वाटलं, गोड आवडत नसेल." परवा चहा पिताना नाव ऐकलं तेव्हा त्याला त्या अर्ध्या पेढ्याचा अर्थ लागला होता. पोरीच्या आनंदाचे पेढे नेऊन त्यानेच तिची जागा घालवली होती. माझी शपथ नसती तर त्याला नाव कळलं असतं, आणि तो पेढे घेऊन इथे फिरकलाही नसता. मी कपाळावर हात मारून घेतला.

अमृता मॅडम त्याच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. "साईनाथ, तुम्ही येणं थांबवलंत तरी मी तिला इथे घेणार नाही. ती आमच्या चर्चेला बसणार, नोंदी बघणार. ते तुमच्यावर अन्याय आणि तिच्यावरही. आणि तुम्ही थांबायचं नाही. ठाण्याच्या केंद्राने तिला शुक्रवारी भेटायला बोलावलंय, मी शब्द टाकलाय. ती नको म्हणते. कारण कळल्याशिवाय ती हलणार नाही, आणि कारण मी तिला सांगू शकत नाही. ते तुमचं आहे."

रिक्षात तो एवढंच म्हणाला, "तिला नको सांगायला ताई. बापाचं डोकं फिरलंय, असं वाटेल तिला." मी उसळलेच. "डोकं फिरलंय म्हणे! अरे, ती स्वतःचंच डोकं खराब आहे असं समजून पुस्तकं रद्दीत घालायला निघालीये. त्यापेक्षा तुझं फिरलेलं परवडलं!" एरवी यावर तो हसला असता. त्या दिवशी बाहेर बघत राहिला. वर्षभर हा माणूस माझ्यासमोर हसला आणि मी दर वेळी फसले, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बिल्डिंगखाली लिफ्ट उघडीच होती. तो तिच्याकडे न बघता जिन्याकडे वळला. माझे गुडघे गेलेले, तरी मीही वळले. त्याला एकट्याला चढू द्यायची माझी हिंमत होईना. माझ्या कुरकुरीने जिना दणाणत असणार, कारण वरून प्राप्तीचा आवाज आला, "आत्या? लिफ्ट बंद आहे का?" आणि ती धडधडत खाली आली. आम्ही चौथ्या मजल्याच्या वळणावर होतो. साईनाथ पायरीवर बसला.

"प्राप्ती," तो म्हणाला, "तुझ्यात काही खोट नाही. मी जातो तिथे. मोकळीकला. काळुकाका गेले तेव्हापासून मला लिफ्टमध्ये शिरता येत नाही, झोप लागत नाही. मी तिथे जातो म्हणून त्यांनी तुला घेतलं नाही."

प्राप्तीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही?" ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही?" मला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल, माझं वर्ष घालवलंत म्हणेल. म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

ती त्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. अगदी त्याच्यासारखा आवाज काढून म्हणाली, "घाबरायचं नाही. मी आलेय. नाव काय तुमचं?"

काळुरामला याने काय काय विचारलं होतं, ते या पोरीला कुठे माहीत होतं! मी तिला थांबवायला हात पुढे केला, पण तोवर तो बोललासुद्धा.

"साईनाथ," तो म्हणाला.

"बरं. आज घरी भाजी कुठली?"

त्याने डोळे मिटले. मी देवाला म्हणाले, अरे, हिला गप्प कर रे. प्राप्ती मात्र त्याच्याकडे बघत तशीच बसून राहिली, घाई न करता.

"पडवळ," साईनाथ म्हणाला.

"मग घाई कशाला? बसू इथेच."

आणि माझा भाऊ रडला. आई गेली तेव्हा नाही, काळुराम गेला तेव्हा नाही, तो माणूस चौथ्या मजल्याच्या जिन्यात मोठमोठ्याने रडला. कुणाचं तरी दार उघडलं आणि पुन्हा लागलं. प्राप्तीने त्याच्या मांडीवरची हत्यारांची पिशवी काढून आपल्या मांडीवर घेतली. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "आत्या, शुक्रवारी ठाण्याला किती वाजता जायचंय?"